दाणा तोच, साचा थंड

एप्रिल संपता संपता माझ्या टपालात वाचकांच्या प्रश्नांसोबत प्लॅस्टिकच्या वाकलेल्या वस्तू यायला लागतात. या खेपेला दोन चमचे आले, एक मोबाइलचा होल्डर आला आणि मडगावहून मातीसकट एक पिशवी आली. भोसरीच्या एमआयडीसीत माझी ३१ वर्षं गेली, आधी क्वालिटीत, मग कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये इतर द्रव्यं मिसळण्याच्या लाइनवर. त्यामुळे वाकलेला माल बघून मला वाईट वाटत नाही, उलट हुरूप येतो. वाईट वाटतं ते घरच्यांना, कारण आता लॅब नाही आणि सगळ्या चाचण्या गॅसच्या शेगडीवर होतात.

प्रश्न : ताई, आमची शिरोली एमआयडीसीत चार मशीनची मोल्डिंग शेड आहे. पीएलएचे, म्हणजे साखरेपासून होणाऱ्या प्लॅस्टिकचे चमचे काढतो. केटरिंगवाल्यानं माल परत केला. तांबड्या रश्श्यात घातला की चमचा मान टाकतो म्हणाला. मग दाणेवाल्यानं (कच्च्या प्लॅस्टिकचे दाणे विकणाऱ्यानं) किलोमागे चांगले पैसे वाढवून 'हीट रेझिस्टंट' ग्रेड दिला. त्याच्या सॅम्पलचा चमचा उकळत्या पाण्यात ताठ राहतो. आमचा, तोच दाणा वापरूनही, वाकतोच. आम्हाला फसवलं का? दोन्ही चमचे सोबत पाठवले आहेत.
(एक मोल्डर, कोल्हापूर)

उत्तर : फसवलेलं नाही. दाणा चांगला आहे. कसं कळलं ते सांगते.

तुमचा चमचा दांड्याकडून चिमट्यात पक्का धरला, दुसऱ्या टोकाला तारेनं दोन लोखंडी नट बांधले आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडला. शेजारी थर्मामीटर, खाली मंद आच. पन्नासला काही नाही. पंचावन्नला काही नाही. अठ्ठावन्न ते साठच्या दरम्यान त्यानं सावकाश मान खाली घातली आणि साठ ओलांडल्यावर सरळ लोळण घेतली. इथपर्यंत केटररचं म्हणणं खरं. पण मी गॅस बंद केला नाही. पाणी नव्वदीच्या पुढे नेलं, तसंच चार-पाच मिनिटं ठेवलं आणि मग तो वाकलेला चमचा पाण्यातच सांडशीनं सरळ करायला गेले, तर होईना. गरम पाण्यात तो टणक झाला होता, वाकल्या जागीच. नट तसेच ठेवून पाणी खळखळ उकळवलं, तरी आणखी वाकला नाही. (पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तेवढं मापात धरा.) म्हणजे उष्णता सोसायची ताकद दाण्यात होती. तुमच्या साच्यात ती बाहेर यायला सवड मिळाली नाही, माझ्या पातेल्यात मिळाली.

पीएलए हे मुळात साखरेचंच पोर. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड, त्याची साखळी जोडून पीएलए. आणि वागणंही साखरेसारखंच. कडक पाक ताटात ओतून झटकन गार केला की काचेसारखी वडी होते. तीच साखर दाट पाकात दोरा सोडून उबेत दिवसच्या दिवस ठेवली की दोऱ्यावर खडीसाखर धरते. साखर एकच. पहिल्या प्रकारात रेणू होते तिथे अडकून बसले, दुसऱ्यात त्यांना ओळीनं बसायला वेळ मिळाला. तुमच्या साच्यातून निघालेला चमचा काचेची वडी आहे, आणि पीएलएची ही काच ५५ ते ६० अंशांत सैल पडते. ओळीनं बसलेले स्फटिक मात्र १५० च्या पुढे, ग्रेडप्रमाणे १७०-१७५ पर्यंत वितळत नाहीत. साठ अंशांनंतर मधला सैल भाग ढिला पडला तरी स्फटिकांचा सांगाडा वस्तू धरून ठेवतो.

नव्या ग्रेडमध्ये तुम्ही जे जादा पैसे दिलेत ते दोऱ्याचे. टाल्क किंवा तसलाच दुसरा न्यूक्लिएटिंग एजंट त्यात आहे, ज्याच्या कणांवर स्फटिक धरतात. पण दोरा सोडून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलंत तर खडीसाखर व्हायची कशी? पीपीच्या (नेहमीच्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकच्या) सवयीनं तुमच्या मोल्डमध्ये चिलरचं २०-२५ अंशांचं पाणी फिरत असणार. पीएलएला स्फटिक धरायला सगळ्यात मानवतं ते १०० ते ११० अंशांच्या आसपास. साध्या पीएलएला तिथेही कित्येक मिनिटं लागतात, दोरा असेल तर काम मिनिटाच्या आत येतं. चमच्यासारख्या पातळ वस्तूत वितळलेला माल थंड पोलादाला लागला की सेकंद-दोन सेकंदांत काच होऊन बसतो. मिनिटाची गोष्टच नको.

तेव्हा साचा तापवा. ९० ते ११० अंश. साध्या पाण्याच्या एमटीसीवर (साच्याचं तापमान राखणाऱ्या यंत्रावर) हे जमणार नाही, दाबाखालचं पाणी नाहीतर तेलाचा एमटीसी लागेल, आणि मोल्ड व प्लॅटनच्या (मशीनच्या ज्या पाटावर मोल्ड बसतो त्याच्या) मध्ये इन्सुलेशनची प्लेट. ती नसली तर तुम्ही मशीनच तापवत बसाल. सायकल टाइम दुप्पट-तिप्पट होईल असं धरूनच केटररला दर सांगा. नंतर रडू नका.

एक सापळा आहे, त्यात बहुतेक सगळे एकदा पडतात. ११० ऐकून भीती वाटते म्हणून माणूस ६०-७० वर ठेवून बघतो. तिथे सगळ्यात वाईट अवस्था. काच सैल झालेली आणि स्फटिक मात्र फार सावकाश धरणारे. चमचा साच्याला चिकटतो, त्याला बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना त्यात रुततात, बाहेर पडताना पिळवटतो. मग माणूस म्हणतो, बघा, तापवलं तर आणखी बिघडलं, आणि पुन्हा २० वर येतो. ही दरी उडी मारूनच ओलांडावी लागते. शंभरच्या आसपास साचा असूनही वस्तू ताठ बाहेर येते, कारण तिला आता गारठ्यानं नाही, स्फटिकांनी धरलेलं असतं. आकसणं वाढेल: थंड साच्यात अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, स्फटिक झाल्यावर एक टक्क्याच्या आसपास जातं. चमच्याला चालतं, झाकणाला आधी माप काढा.

दाणेवाल्याला एकच प्रश्न विचारा: यात 'डी' किती? लॅक्टिक ॲसिडचे डावे-उजवे असे दोन जुळे प्रकार असतात. एल प्रकारच्या साखळीत डीचे मणी मिसळले की ओळ मोडते. एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर स्फटिक छान धरतात, आठ-दहाच्या पुढे गेलं तर कितीही तापवा, दोरे सोडा, काही होणार नाही. फिल्मचा स्वस्त ग्रेड चमच्याला देणारे लोक आहेत.

आणि हो, चमच्यांवर कंपोस्टेबल लिहिता ना? त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कंपाउंड बदलल्यावर जुना कागद नव्या मालाला लावू नका.

प्रश्न : मॅम, मी पॉलिमर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएलए ठिसूळ म्हणून त्यात ३० टक्के पीबीएटी हे मऊ, कुजणारं प्लॅस्टिक मिसळलं. इम्पॅक्ट (आघात सोसणं) वाढला, पण टेन्साइल (ओढ सोसणं) आणि एचडीटी (भाराखाली वस्तू वाकते ते तापमान) दोन्ही खाली आले. गाइड म्हणतात दोघांची पकड बसवणारा कंपॅटिबिलायझर घाल. एका पेपरात अशाच ब्लेंडचा एचडीटी १०० च्या वर दिलाय, माझा पन्नाशीतच. चूक कुठे झाली?
(एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : चूक फारशी नाही ग, अपेक्षा चुकली. तू एका औषधाकडून तीन आजार बरे करून मागते आहेस.

आपण 'ताकद' म्हणतो तेव्हा एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबतो. भाजलेला पापड ताठ असतो, पण चिवट नसतो. पोळी चिवट असते, ताठ नसते. आणि ओढून तुटायला किती जोर लागतो ती मजबुती तिसरीच. पीएलएची टेन्साइल मजबुती ५० ते ७० मेगापास्कल, म्हणजे रोजच्या पीपीपेक्षा बरीच जास्त. ताठपणा साडेतीन गिगापास्कलच्या घरात. तरी पडला की फुटतो, कारण तुटायच्या आधी तो जेमतेम पाचेक टक्के ताणला जातो. पापडच. पीबीएटी पाचशे टक्क्यांच्या पुढे ताणलं जातं, पण मऊ. त्याचा काच-बिंदू (काच सैल पडते ते तापमान) शून्याखाली तीसच्या आसपास आणि वितळबिंदू ११५-१२० अंश. अशा मऊ मालाचा एक तृतीयांश भाग घातल्यावर मजबुती उतरणारच, आणि उष्णतेच्या बाबतीत त्याच्याकडे द्यायला काही नाही. इम्पॅक्ट वाढला ना? तेवढंच त्याचं काम होतं.

गाइड म्हणतात ते मात्र करून बघ. दोघं एकमेकांत विरघळत नाहीत, पीएलएच्या समुद्रात पीबीएटीची बेटं राहतात. तुझा नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोड आणि मोडलेली बाजू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघ. फणसाच्या गऱ्यातून आठळी निसटावी तसे गुळगुळीत खड्डे दिसले तर बेटांनी समुद्राला धरलेलंच नाही. तडा तिथून आरामात फिरतो. एपॉक्सी गट असलेला चेन एक्स्टेंडर अर्धा टक्का घाल. तो पीएलए आणि पीबीएटी दोघांच्याही साखळीच्या टोकांना धरतो, त्यामुळे काठावर दोघांची गाठ पडते, बेटं बारीक होतात. एक्स्ट्रूडरचा (माल मिसळणाऱ्या मशीनचा) टॉर्क, म्हणजे स्क्रू फिरवायला लागणारा जोर, चढताना दिसेल, ती खूण. जास्त हात सैल सोडू नकोस, नाहीतर मालात जेलच्या गाठी येतील आणि मशीनच्या तोंडाशी, डायवर, मालाची दोरी तुटत राहील. यानं तुझा इम्पॅक्ट सुधारेल आणि गेलेली मजबुती थोडी परत येईल. एचडीटी तरीही जागेवरच.

आता त्या पेपरातल्या शंभराचं. आधी बघ, भार कोणता? एचडीटीची चाचणी दोन भारांवर करतात, ०.४५ आणि १.८२ मेगापास्कल (आयएसओत १.८०). पट्टीवर भार ठेवून तेलाचं तापमान मिनिटाला दोन अंशांनी चढवतात आणि ठरलेलं वाकणं आलं की आकडा लिहितात. काचेच्या अवस्थेतल्या पीएलएला दोन्हीकडे पंचावन्नच्या आसपासच आकडा येतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. स्फटिक झालेला पीएलए मात्र हलक्या भाराखाली शंभराच्या वर जातो आणि जड भाराखाली साठ-सत्तरच्या घरात राहतो. त्यामुळे डेटाशीटवर कुणीही ०.४५ चाच आकडा ठळक छापतो. मी असते तरी तेच केलं असतं.

दुसरं बघ, नमुने कसे काढले. बहुतेक त्यांनी साचा तापवला असेल नाहीतर पट्ट्या ओव्हनमध्ये शेकल्या असतील. 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं आणि तीच ओळ सगळे वगळतात. तुझ्या पट्ट्या १०० अंशांना अर्धा तास शेक, मग एचडीटी काढ. शेकण्याआधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांचं डीएससी (तापवताना किती उष्णता आत-बाहेर जाते ते मोजणारी चाचणी) कर. आधीच्या आलेखात तापवताना शंभराच्या आसपास उष्णता बाहेर टाकणारा एक डोंगर दिसेल, ती न झालेली खडीसाखर. नंतरच्यात तो डोंगर नसेल. वरच्या कोल्हापूरच्या दादांचं उत्तरही वाच, त्यांचं दुखणं आणि तुझं एकच.

अजून हौस असेल तर एल प्रकारचा पीएलए आणि डी प्रकारचा पीएलए समसमान मिसळून बघ. दोघं एकमेकांत घट्ट गुंफून वेगळाच स्फटिक बनवतात आणि वितळबिंदू थेट २२० ते २३० वर जातो. क्योटोच्या इकादा आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. डी भावाचा दर ऐकलास की प्रोजेक्टपुरतंच ठेवशील. तरी त्याची चिमूट साध्या पीएलएत घातली तर ती उत्तम दोऱ्याचं काम करते.

प्रश्न : रनरचं (साच्याच्या वाटांमध्ये उरलेल्या मालाचं) रिग्राइंड, म्हणजे पुन्हा दळलेला माल, २५-३० टक्के मिसळलं की माल काडकन मोडतो. शिवाय ड्रायरमध्ये ढेकळं होतात. पुरवठादार म्हणतो ८० अंशांना चार तास सुकवा, आम्ही तेच करतो.
(एक शिफ्ट सुपरवायझर, वसई)

उत्तर : ८० अंशांना चार तास हे नव्या दाण्याला. रिग्राइंडला तोच नियम लावलात तर काय होतं ते मला पाठ आहे.

जून महिना, रात्रपाळी, पाऊस कोसळत होता. आमच्याकडे पीएलएची ती दुसरी की तिसरी ऑर्डर. पोत्यातला दाणा संपत आला म्हणून मीच सांगितलं, ग्राइंडरखालचा सगळा माल हॉपर ड्रायरमध्ये (मशीनवरच्या, दाणा सुकवणाऱ्या टाकीत) टाका, ८० वर ठेवा, सकाळी चालवू. सकाळी सहाला मशीनला माल येईना. हॉपरच्या खिडकीतून दाणे दिसत होते, छान, पण हलत नव्हते. ऑपरेटरनं रबरी हातोडीनं टिचक्या मारल्या, मग जरा जोरात. शेवटी झाकण काढून बघितलं तर आत गुळाची ढेप बसली होती, शंभर किलोची, हॉपरच्या आकाराची. रबरी हातोडी ठेवली आणि छिन्नी आणली. तीन जणांनी दुपारपर्यंत फोडली. वर 'मॅडम, किराणा दुकान काढायचं का' हे ऐकून घ्यावं लागलं.

कारण साधं आहे. कंपनीतून येणारा दाणा आधीच स्फटिक करून, पांढुरका करून पाठवलेला असतो. तो ८० ला चिकटत नाही. तुमचे रनर थंड साच्यातून निघालेले, काचेच्या अवस्थेतले. साठ ओलांडलं की ते चिकट होतात आणि वरच्या मालाच्या वजनानं एकमेकांत बसतात. रिग्राइंड वेगळं ठेवा. ४५ ते ५० अंशांवर, जास्त तास, कोरड्या हवेत सुकवा. किंवा ढवळत ठेवणाऱ्या भांड्यात तापवून आधी स्फटिक करून घ्या, मग ८० चालेल.

काडकन मोडण्याचं कारण पाणी. पीएलएसाठी ओलाव्याची हद्द २५० पीपीएम सांगतात. पीपीएम म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून मी पोराटोरांना पोत्याचा हिशेब सांगायचे. २५ किलोच्या पोत्यात २५० पीपीएम म्हणजे सव्वासहा ग्रॅम पाणी, चहाचा सव्वा चमचा. पण एका साखळीचं सरासरी वजन एक लाख धरलं तर त्या सव्वा चमच्यातले पाण्याचे रेणू पोत्यातल्या एकूण साखळ्यांपेक्षा जास्त भरतात. बॅरलमध्ये (मशीनच्या माल वितळवणाऱ्या नळीत) २०० अंशांना एकेक रेणू एकेक साखळी कापू शकतो. सगळे कापत नाहीत हे नशीब. आणि ही हद्द सुकवलेल्या मालाची. उघडं पोतं पावसाळ्यात रात्रभर राहिलं तर याच्या कितीतरी पुढे जातं. साखळ्या तुटल्या की माल पातळ होतो, नोझलमधून गळायला लागतो, साच्याच्या फटीतून पापुद्रा (फ्लॅश) येतो. ऑपरेटर खूश, दाब कमी लागतोय म्हणून. मोडतो तो नंतर.

तुमचा ड्रायर साधा गरम हवेचा आहे का? वसईत जुलैमध्ये तो बाहेरची ओली हवाच तापवून दाण्यावर सोडतो. हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर लागतो, उणे ४० ड्यू पॉइंटचा, म्हणजे अगदी कोरडी हवा देणारा. तो घेईपर्यंत रिग्राइंड दहा टक्क्यांवर आणा आणि पोतं उघडलं की तोंड बांधा. चहाला जातानासुद्धा.

प्रश्न : आमचा ऊस. कारखान्यावर बगॅसचे, म्हणजे चिपाडाचे डोंगर. तो दळून पीएलएत ३०-४० टक्के घातला तर माल स्वस्त, मजबूत आणि गरम सोसणारा होईल ना? मुलगा प्लॅस्टिकचं मशीन घ्यायचं म्हणतोय.
(एक शेतकरी, फलटण)

उत्तर : स्वस्त होईल. ताठही होईल. मजबूत होईलच असं नाही आणि गरम सोसेल हे तर दाखवल्याशिवाय मानू नका.

मातीच्या भिंतीत पेंढा घालतात ना, तो भुसा करून घातला तर भिंत धरेल का? चिपाड दळलं की काडीची भुकटी होते आणि भुकटी नुसती जागा भरते. जोर वाहून न्यायला काडी लांब आणि बारीक हवी. वर ऊस पाणीप्रेमी, पीएलए तसा नाही, त्यामुळे दोघांची पकड बसत नाही. तंतू कॉस्टिकनं धुवायचे, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेला पीएलए थोडा घालायचा, तेव्हा कुठे पकड येते. धुतल्याशिवाय घातलंत तर चिपाडात उरलेली साखर बॅरलमध्ये जळते. आमच्या शेडमध्ये एकदा दिवसभर गुऱ्हाळाचा वास सुटला होता आणि माल निघाला करपलेल्या चहाच्या रंगाचा. तंतूंना २०० अंशांच्या वर झेपत नाही, पीएलए १८०-२०० ला चालतो, म्हणजे हात फारसा हलवायला जागा नाही. चिपाडातला ओलावा वसईच्या उत्तरात सांगितलं तेच काम करतो. शेताची माती-रेती राहिली तर स्क्रू झिजतो.

आणि गरम? तंतू कितीही चांगले असोत, त्यांना धरून ठेवणारा पीएलए साठला सैल पडला तर दोर मजबूत आणि गाठ ढिली, अशी गत. काही अंशांचा फरक पडतो, चहाचा कप सोसेल एवढा नाही. पीएलए आधी स्फटिक करा, मग तंतूंचं चीज होतं. टोयोटानं २००३ मध्ये राउम गाडीत स्पेअर टायरचं झाकण असं केलं होतं, पीएलए आणि केनाफ. केनाफ म्हणजे आपल्या अंबाडीच्या घरातलं झाड, ज्याचा वाख निघतो. वाख! भुकटी नाही.

मशीन घ्यायच्या आधी मुलाला छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये (प्लॅस्टिक तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेत) पाठवा, दहा-वीस किलोची चाचणी करून घ्या. उसाचा खरा पैसा मला चिपाडापेक्षा रसात दिसतो. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केलाय, लॅक्टिक ॲसिडपासून पीएलएपर्यंत. फलटणहून फार लांब नाही.

प्रश्न : 'बायो' पिशवी परसातल्या खड्ड्यात सहा महिने ठेवली, अख्खी निघाली. पाठवते आहे. ही फसवणूक नाही तर काय?
(एक गृहिणी, मडगाव)

उत्तर : पिशवी पोचली, गांडूळ एक होतं तेही सुखरूप आहे, कुंडीत सोडलं.

'बायो' म्हणजे कशापासून केलं ते, का शेवटी कुजतं ते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विकणारे ते एकत्र करतात. नायलॉन ११ एरंडेलापासून होतं, तो एरंड बराचसा गुजरातचा, पण ते कुजत नाही. उलट पीबीएटी बहुतांशी खनिज तेलाचं, आणि ते कुजतं. पिशवीत बहुधा पीबीएटी असतं आणि सोबत पीएलए किंवा स्टार्च. कंपोस्टेबल म्हणून जी चाचणी होते ती ५८ अंशांना, ढवळलेल्या ओल्या कंपोस्टमध्ये, १८० दिवसांपर्यंत. तुमचा खड्डा तीस-पस्तीसला. पीएलए साठखाली काच असतो हे वर आलंच आहे. त्या काचेत पाणी सावकाश शिरतं. वर आम्ही लोक स्फटिक वाढवून तो गरम सोसणारा करतो, त्यानं कुजणं आणखी लांबतं, कारण पाणी आधी सैल भाग खातं. पिशवीवर केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधला, माती धुऊन बघितलं, नाही सापडला. पुढची घेताना तो बघून घ्या. सापडला तरी ती पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या, परसात नको.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा मोबाइल होल्डर केला. बंद गाडीत डॅशबोर्डवर दुपारभर राहिला आणि लोंबला. शेकून घेतला तर टिकेल का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : टिकेल, पण मापात राहील याची खात्री नाही. छापलेली वस्तू शेकताना आडवी आकसते आणि उभी किंचित वाढते. बारीक मिठात गच्च दाबून भरा, ९०-१०० अंशांना तासभर ठेवा, मिठातच गार होऊ द्या. ओव्हन रोजच्या स्वयंपाकाचा नको. आधी एक चौकोनी तुकडा छापून किती आकसतो ते मोजा, त्या हिशेबानं होल्डर मोठा छापा. साध्या फिलामेंटमध्ये डी जास्त असेल तर काही होणार नाही. 'हाय टेम्परेचर पीएलए' म्हणून दोरा घातलेलं फिलामेंट मिळतं, ते घ्या.

तुमचा होल्डर मी शेकून सरळ केलाय. कुरिअरनं परत पाठवते, पण जूनमध्ये.